सावलीचा उपकार

मराठी भाषेने सावलीला फार मोठा मान दिला आहे. आईची माया ही सावली, वडीलधाऱ्यांचे छत्र ही सावली. ज्याच्या दारातून कोणी विन्मुख जात नाही अशा पुरुषाला आपण वृक्षाची उपमा देतो. गवताच्या वाट्याला काय आले? ज्याची किंमत करायची नाही तो काडीमोल ठरतो, विरक्त मनुष्य धनाला तृणवत् लेखतो आणि अपमान करायचाच झाला तर समोरच्याला कस्पटासमान वागवले जाते. दूर्वांची जुडी आणि दर्भाची पवित्रके एवढाच काय तो गवताचा सन्मान, आणि तोही देवघरापुरता. गवताने झाकलेल्या माळाला मात्र आपण ओसाड, उजाड, बोडका, पडीक असेच म्हणत आलो. भाषेचा हा पक्षपात निरुपद्रवी असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तो भाषेतून सरकारी दप्तरात उतरला, दप्तरातून जमिनीवर आला, आणि आता आमच्या पुण्याच्या कल्पनेतही शिरला आहे. म्हणून विचारावेसे वाटते, की सावली देणे हे सर्वत्र आणि सर्वकाळ सत्कर्मच असते काय?

हा प्रश्न आम्हां सुरत-उधना-सचिनकरांना दूरचा नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वी तापीच्या काठाकाठाने इकडे आलेल्या आमच्या घराण्यांपैकी कित्येकांचा धुळे, नंदुरबार, जळगाव या बाजूला जमिनीचा एखादा तुकडा अजून सातबाऱ्यावर आहे. काळी, कसदार जमीन बहुधा भाऊबंदांकडे गेली किंवा विकली गेली. उरला तो मुरमाड, उताराचा, सातबाऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून नोंदलेला भाग. कोणी कसत नाही, विकावा तर भाव येत नाही, आणि पूर्वजांचा म्हणून सोडवतही नाही. अशा वेळी घरात एक सुंदर कल्पना निघते : आजोबांच्या नावाने तेथे हजार झाडे लावू. वर्गणी होते, खड्डे खणले जातात, ठेकेदार रोपे आणतो. या कल्पनेमागची भावना निर्मळ आहे याविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती तिच्या पात्राविषयी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाच्या सात्त्विकतेला देश, काल आणि पात्र या कसोट्या लावल्या आहेत. अन्नदान, विद्यादान, कन्यादान करताना आपण या कसोट्या काटेकोर पाळतो. वृक्षदानाच्या वेळी मात्र त्यांतील पहिलीच, देशाची म्हणजे स्थळाची, कसोटी आपण विसरतो.

विसरण्याचे कारण असे, की स्थळ 'रिकामे' आहे हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते. हे ठरवणे फार जुने नाही. इंग्रजी राज्यात जी जमीन सारा देत नसे ती 'वेस्ट', म्हणजे वाया गेलेली. तिच्यावर गुरे चरत होती, मेंढ्या बसत होत्या, वैद्य मुळ्या खणत होते, याची नोंद साऱ्याच्या रकान्यात होण्यासारखी नव्हती. पुढे वनशास्त्र आले, आणि त्याने रानाकडे पाहण्याचे माप म्हणून उंच, दाट अरण्य डोळ्यांपुढे ठेवले. चँपियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतीय वनांचे जे वर्गीकरण सिद्ध केले, त्यात विरळ झाडांचे कितीतरी गवताळ प्रदेश बिघडलेल्या वनाच्या रांगेत जाऊन बसले. १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. २००० साली पडीक जमिनींचा पहिला राष्ट्रीय नकाशासंग्रह निघाला. वनमहोत्सवाची प्रथा त्याहून जुनी, १९५० सालची. ती सुरू करणारे कन्हैयालाल मुनशी आमच्या शेजारच्या भरूचचे, गुजरातीतील नामवंत कादंबरीकार. महाराष्ट्र शासनाने तर २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत दोन कोटींपासून तेहेतीस कोटींपर्यंत चढत्या संख्येने वृक्षलागवडीचे संकल्प सोडले. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट आम्हांला विचारात पाडते. दुष्ट हेतूने केलेल्या कृत्याचा न्याय करणे सोपे असते.

आता थोडे गवताकडे वळू. वनस्पतींच्या शरीरव्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत गवताविषयी जे शोधून काढले आहे, ते कळल्यावर माळाला रिकामा म्हणताना जीभ अडखळते.

हिरव्या पानात हवेतील कर्बवायू पकडणारे एक विकर असते. त्याला रुबिस्को म्हणतात. जगातील जवळजवळ सारे अन्न त्याच्या हातून तयार होते, पण त्याच्या अंगी एक जुना दोष आहे. ऊन तापले, की ते कर्बवायूच्या जागी प्राणवायूलाच पकडून बसते, आणि वनस्पतीची कमाई काही अंशी वाया जाते. भात, गहू आणि आपल्या ओळखीचे बहुतेक सर्व वृक्ष हा तोटा मुकाट्याने सोसतात. उष्ण प्रदेशातील पुष्कळशा गवतांनी मात्र त्यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत ती दुसऱ्याच एका विकराकडून कर्बवायू धरतात. हे विकर प्राणवायूला भुलत नाही. धरलेल्या कर्बाचे चार कर्बअणूंचे आम्ल बनते, ते शिरांभोवतीच्या आतल्या पेशींत पोहोचवले जाते, आणि तेथे कर्बवायू मोकळा होऊन रुबिस्कोसमोर एवढा दाटून येतो, की त्याला चूक करण्यास वावच राहत नाही. या मार्गाला 'सी-फोर' असे नाव आहे. तो प्रथम उलगडला तो उसात. हवाई बेटांवरील ऊससंशोधकांना त्याचा सुगावा लागला होता, आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक यांनी त्याची साखळी मांडून दाखवली. बारडोली-सायण-चलथाणच्या साखर कारखान्यांच्या पंचक्रोशीत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ज्वारी, बाजरी आणि मका ही याच मार्गाची गवते. हिवाळ्यात तापीकाठी आपण जो पोंक खातो, आणि ज्याला आपल्या घरातील वृद्ध मंडळी अजूनही आग्रहाने हुरडाच म्हणतात, तोही एका गवताचाच दाणा!

या व्यवस्थेला एक अट आहे. कर्बवायूची ही आतली वाहतूक फुकट होत नाही. तिला जादा ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा येते भरपूर उन्हातून. उघड्या आभाळाखाली हा व्यवहार फायद्याचा असतो. सावलीत मात्र तो खर्च झेपत नाही आणि गवत खुरटू लागते. आपल्या माळावरचे मारवेल, पवन्या, कुसळी ही सारी उन्हाची लेकरे. त्यांच्या डोक्यावर वृक्षांचे दाट छप्पर धरले, की काही वर्षांत ती निघून जातात. ज्या शब्दाने आपण मायेचे वर्णन करतो, तो या जीवांच्या बाबतीत मृत्यूचा शब्द आहे.

गवताची दुसरी खुबी त्याच्या बैठकीत आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो. शेंडा खुडला की ते वाढीस खोळंबते. गवताचा कोंब जमिनीलगत, पानांच्या वेष्टनात दडलेला असतो आणि त्याचे पाते बुडाकडून वाढते. गाईने वरचे खाल्ले, वणव्याने वाळलेले जाळले, तरी मुद्दल शाबूत राहते. बहुवर्षायू गवताची बरीचशी मिळकत तर मुळांत, म्हणजे डोळ्यांआड साठवलेली असते. वृक्षाचा कर्ब खोडात दिसतो, म्हणून तो मोजला जातो. गवताचा मातीत मुरतो, म्हणून हिशेबातून सुटतो. वणवा लागला तर यांपैकी कोणता साठा टिकेल, हे सांगण्यास पदवी लागत नाही.

यावर सुजाण वाचक विचारतील, की हे सर्व खरे मानले तरी माळ हा तुटलेल्या जंगलाचाच अवशेष नव्हे काय? मूळचे अरण्य कुऱ्हाडीने आणि चराईने गेले व त्याजागी गवत आले, असे आपणांस शाळेपासून शिकवलेले आहे. काही ठिकाणी ते खरेही आहे. सह्याद्रीच्या कितीतरी उतारांवर माणसाच्या कुऱ्हाडीने आणि आगीने गवताला जागा करून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळ निराळी साक्ष देतात. सी-फोर गवतांच्या कर्बात जड कर्बाणूंचे प्रमाण वृक्षांच्या तुलनेने अधिक असते, आणि ही खूण मातीत लाखो वर्षे टिकते. शिवालिकच्या प्राचीन मातीतील अशी खूण वाचून १९८९ साली संशोधकांनी दाखवले, की सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वी तेथे या गवतांनी पाय रोवले. त्या काळी कुऱ्हाडच काय, ती धरणारा मनुष्यही नव्हता. २०१२ साली गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रातळाच्या गाळातून, पानांवरील मेणाच्या अंशांवरून, मध्य भारताचे हवामान गेल्या चार हजार वर्षांत टप्प्याटप्प्याने कोरडे होत गेले आणि कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती पसरत गेल्या, असे दिसून आले. आमच्या गोदामाईने स्वतःच्या खोऱ्याची दैनंदिनी समुद्राच्या तळाशी जपून ठेवावी, हे आम्हांला मोठे हृद्य वाटते.

मराठी साहित्याच्या मंडळात बसून ज्याचा उल्लेख टाळणे अशक्य, असे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी पश्चिम महाराष्ट्राच्या माळांचा इतिहास शोधण्यासाठी मातीऐवजी वाङ्मय उकरले. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतच्या ओव्या, लोकगीते, आख्यायिका यांतून रानवनस्पतींचे उल्लेख त्यांनी वेचले आणि त्या वनस्पती कोणत्या प्रकारच्या प्रदेशात वाढतात हे ताडून पाहिले. त्यांत अधिक भरल्या त्या मोकळ्या, गवताळ, काटेरी झाडांच्या मुलखातील. याचा अर्थ असा, की इंग्रजांनी रेल्वेसाठी लाकूड तोडण्याच्या कित्येक शतके आधी, जात्यावर बसलेल्या बाया आणि मेंढरांमागे फिरणारे धनगर ज्या देशाचे वर्णन करीत होते, तो माळच होता. आपण त्या ओव्यांतील भक्तीची, दुःखाची, सासुरवासाची वाखाणणी केली. त्यांतील भूगोल खरा असेल हे मनात आले नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी न विचारलेला प्रश्न वनस्पतींच्या अभ्यासकांनी विचारावा, यात आमच्यासारख्यांना थोडे ओशाळे वाटण्याजोगे आहे.

न विचारता केलेल्या उपकाराचे काय होते, ते पाहायचे तर कच्छच्या बन्नीकडे पाहावे. कांकरेज गाई आणि म्हशी पाळणाऱ्या मालधारींचे हे विस्तीर्ण गवताळ रान. १९६० च्या दशकात रणातील खार पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने तेथे परदेशी बाभूळ लावली. हेतू संरक्षणाचा होता. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी रुजले, आणि ज्या झाडाला राखण म्हणून नेमले त्याने घरच बळकावले. आज बन्नीचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला आहे. गुजरातीत त्याला 'गांडो बावळ' म्हणतात, आपल्याकडे वेडी बाभूळ. शेंगा गाईंना मानवेनात, म्हणून कित्येक मालधारी गाईंकडून म्हशींकडे वळले; काहींनी त्याच बाभळीचा कोळसा पाडून पोट भरले, आणि आता ती समूळ काढावी म्हटले तर त्यांच्या चुलीचा प्रश्न उभा राहतो. चूक निस्तरणेही असे सोपे राहत नाही. वेडे म्हणायचे ते झाडाला की आणखी कोणाला, हे वाचकांनीच ठरवावे.

एवढ्यावरून 'गवत चांगले, झाड वाईट' असा निष्कर्ष कोणी काढील तर तो उतावळेपणा ठरेल, आणि त्याचा पुरावा आमच्याच अंगणात आहे. त्या काळच्या सुरत जिल्ह्यातील, आणि आजच्या वलसाड जिल्ह्यातील, पारडी तालुक्यात जमीनदारांनी हजारो एकर जमिनीवर धान्य न पिकवता मुद्दाम गवत राखले होते. गवताला मजूर कमी लागतात, मुंबईच्या तबेल्यांत त्याला रोख भाव मिळतो, आणि कूळ लावावे लागत नसल्याने कूळकायद्याची धास्तीही राहत नाही. भोवतालच्या आदिवासींना कापणीच्या काही आठवड्यांची मजुरी मिळे आणि उरलेले वर्ष उपासाचे जाई. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही त्या घासिया जमिनीत नांगर घेऊन शिरले आणि पकडले गेले. त्यांची मागणी साधी होती : येथे धान्य पिकू द्या. तो लढा चौदा वर्षे चालला आणि १९६७ साली तडजोडीने मिटला. सत्याग्रहींनी गवतावर नांगर धरला म्हणून त्यांना निसर्गाचे वैरी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पारडीत गवत हेच कुंपण होते. बन्नीत झाड कुंपण झाले. एकीकडे माणसे गवतामुळे उपाशी राहिली, दुसरीकडे गवत गेल्यामुळे अडचणीत आली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, म्हणजे शरीरशास्त्राची आणि नीतिशास्त्राची हद्द कोठे लागते ते दिसू लागते. मारवेलला ऊन लागते, हे प्रयोगशाळा सांगू शकते. त्या उन्हावर कोणाचा हक्क, हे ती सांगणार नाही; ते तेथे राहणाऱ्याला, चारणाऱ्याला, कापणाऱ्याला विचारावे लागते. पण प्रयोगशाळेचे ऐकल्याशिवाय ते विचारणेही अपुरे राहते, कारण जागा रिकामीच आहे असे एकदा मानले की विचारायला कोणी समोर उरतच नाही. 'पडीक' या शब्दातला दोष आम्ही मानतो तो हाच. तो जमिनीचे वर्णन केल्याचा आव आणतो, आणि प्रत्यक्षात तिच्यावर अवलंबून असलेल्यांना सभेतून उठवून लावतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा जो आदेश राज्यांना दिला, त्यामागेही हीच जाणीव होती, की गायरान हे कोणाचेच नसते असे नव्हे, ते सर्वांचे असते.

आम्हां सचिनकरांनी तर हे लौकर समजून घ्यावे. आमचे गावच एका कागदी अदलाबदलीतून संस्थान झाले. १७९१ साली सिद्दी बाळूमियांनी जंजिऱ्यावरील हक्क सोडला आणि पेशव्यांशी झालेल्या त्या करारातून त्यांना सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला. समुद्रातील एका किल्ल्याच्या मोबदल्यात खाडीकाठची ही काळी जमीन, तिच्यावरची शेते, कुरणे आणि माणसे हस्तांतरित झाली. त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. पुढे १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि नंतरच्या काळात औद्योगिक वसाहत आली. तिच्यामुळे आमच्यापैकी अनेकांच्या घरी चूल पेटली, तेव्हा तिच्याविषयी कृतघ्न होण्याचा आमचा विचार नाही. तेथील तापलेल्या रस्त्यांवर, कामगारांच्या चाळींपुढे, शाळांच्या आवारांत कडुनिंब लावावेत, चिंचा लावाव्यात, जितके जगतील तितके लावावेत. जेथे माणसाला सावली हवी आहे आणि उन्हावर जगणाऱ्या कोणाची ती वैरीण होत नाही, तेथे ती देण्यास आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. आश्चर्य असे, की या ठिकाणी झाड लावायला जागा मिळत नाही, आणि ज्याला झाड नको त्या माळावर ती मुबलक सापडते! रस्त्याकाठचे एक झाड जगवायला तीन उन्हाळे रोज पाण्याची बादली न्यावी लागते, हे त्याचे खरे कारण असावे. माळावर हजार खड्डे खणून छायाचित्र काढणे तुलनेने स्वस्त पडते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला. साक्री तालुक्यातील वडिलोपार्जित आठ एकर पोटखराब्यावर आजोबांचे स्मृतिवन करायचे ठरत आले होते. धाकट्या पिढीतील एका मुलीने गावी जाऊन चौकशी केली, तेव्हा कळले की दिवाळीनंतर ठेलारी मेंढपाळ दरवर्षी तेथे मुक्काम करतात, आणि आजोबा हयात असताना त्यांच्याशी तसा तोंडी शब्दच झालेला होता. घरात बराच वाद झाला. थोरल्या काकांचे म्हणणे, की काहीही न करणे हे स्मारक कसे होईल? मुलीचे म्हणणे, की दिलेला शब्द पाळणे म्हणजे काहीही न करणे नव्हे. शेवटी झाडांचा पैसा बांध दुरुस्त करण्यास आणि वेडी बाभूळ उपटण्यास लागला, बांधालगतची जुनी बोर-पळसाची झाडे राहिली, आणि बाकीचा माळ मेंढरांसाठी तसाच ठेवला. पहिल्या पावसानंतर मारवेल गुडघाभर वाढला असे कळते. आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र अजून उधन्याच्या घरी भिंतीला टेकून उभी आहे; ती माळावर नेमकी कोठे लावायची यावर घरात एकमत झालेले नाही.